तुमच्या दादांची छतावरची भट्टी

रिसाली, भिलाई
रविवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय सुगतभाऊजींना शालूवहिनीचा मनापासून जयभीम. माझ्या जावेला, संघमित्राला, आशीर्वाद. तुमची कंबर, तिचा घसा आणि मृणाल बाळाची परीक्षा ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. माझे गुडघे जिन्याच्या पायऱ्या मोजून देतात, आणि तुमच्या दादांचं ब्लडप्रेशर सध्या माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्याचं श्रेय तुम्हाला. फोन असताना वहिनीने पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोन लावला की तुमचे दादा तो स्पीकरवर टाकतात आणि माझ्या वाटणीचंही तेच बोलतात. शेजारच्या हिराबाईंची मोना परवा शिकायला तुमच्या पर्थलाच येते आहे. तिच्या बॅगेत, लोणच्याच्या डब्याखाली, हे पत्र ठेवणार आहे. (लोणचं तुमच्या विमानतळावर काढून घेतलं, तर वासावर समाधान माना.)

आधी आभार मानते, कारण मी एकदा दुसऱ्या विषयावर गेले की परत येत नाही, हे तुम्ही लग्नापासून पाहिलं आहे. ऑगस्टमध्ये हे ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झाले. क्वार्टर सोडून आम्ही रिसालीच्या घरात आलो, आणि पहिल्याच सोमवारी सकाळी सहाला, फर्स्ट शिफ्टच्या वेळेला, तुमचे दादा माझ्या स्वयंपाकघरात ड्युटीवर हजर झाले. स्टूल टाकून बसले. गॅसची ज्योत पिवळी कावून, कुकरची तिसरी शिट्टी दुसरीपेक्षा उशिरा कावून, असे प्रश्न, आणि तेलात मोहरी टाकायला हात उचलला की "थांब, टेम्परेचर आलं नाही." छत्तीस वर्षं ज्या माणसाने वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून त्याचा ताप सांगितला, त्याला माझ्या पोळीचा रंग काही पसंत पडेना. तीन महिने मी सोसलं. मग हे आंघोळीला गेले असताना तुम्हाला फोन केला आणि म्हटलं, एकतर प्लांटने यांना परत घ्यावं, नाहीतर मला रिटायर करावं. तुम्ही हसलात. मला तेव्हा रागच आला होता, आता सांगते. पण पंधरा दिवसांत तुम्ही पाठवलेली ती केटल ग्रिल दारात येऊन उभी राहिली.

झाकण घातलेल्या हंड्याला तीन पाय फुटावे तशी ती वस्तू. खाली हवेचं भोक, झाकणात हवेचं भोक, मध्ये जाळी, जाळीखाली कोळसा. तुमच्या दादांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालचं भोक पाहिलं, वरचं पाहिलं, आणि सासरी नांदायला गेलेली बहीण भेटावी तशा आवाजात म्हणाले, "हे तं आपलीच भट्टी हाय." त्या दिवशी स्टूल छतावर गेलं आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. भाऊजी, भावाने भावासाठी काय काय केल्याचं ऐकलं आहे, पण भावाने वहिनीसाठी एवढं केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

इथेच थांबला असतात तर पत्र एका पानात आटोपलं असतं. पण तुम्ही भल्या मनाने ग्रिलसोबत लागणाऱ्या सामानाची सत्तावीस वस्तूंची यादी पाठवलीत आणि विचारलंत, दादा, यातलं काय काय पाहिजे? प्लांटच्या माणसाला असं विचारू नये. लगेच कमिटी बसली. कमिटीत हे, आणि कोक ओव्हनमधून रिटायर झालेले पुंडलिकभाऊ. (चहापुरती मी.) अकरा दिवस विचार करून निष्कर्ष निघाला की फोटोतलं सगळं सामान पतलं आहे, ते काही टिकायचं नाही. रसमड्यात पुंडलिकभाऊंच्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे, तिथे सगळं बनवून घ्यायचं ठरलं. चिमटा आला तो घराच्या स्लॅबमध्ये घालतात त्या सळीचा. तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि उचलला की वांगं धरत नाही, फोडतो. राख काढायचं फावडं ग्रिलमध्ये जात नाही. ग्रिल मात्र फावड्यात आरामात बसते. जाळी घासायचा ब्रश इतका कडक की पहिल्या दिवशी जाळीची चमक गेली आणि दुसऱ्या दिवशी छताची. हातमोजे यांचे जुनेच, भट्टीवरचे, कोपरापर्यंत येणारे, आणि डोक्यावर हेल्मेट. हिराबाईंनी खालून विचारलं, छतावर काही काम काढलं काय जी? मी म्हटलं, हो, भरीत.

इथवर हसण्यासारखं होतं. मग यांच्या मनाने घेतलं की भट्टीला हवा कमी पडते. ब्लास्ट फर्नेसचा माणूस तो, हवेशिवाय त्याला झोप येत नाही. उतईच्या बाजारातून लोहाराचा हाताने फिरवायचा पंखा आणला, त्याची नळी खालच्या भोकात बसवली, आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराला जुन्या सात सोबत्यांना जेवायला बोलावलं. दोन कोंबड्या मसाला लावून मी वर पाठवल्या. (मसाला माझा होता, हे नोंदवून ठेवा. पुढे त्याचं काही उरलं नाही.) यांनी झाकण लावलं आणि पंखा फिरवायला घेतला. झाकणावरच्या तापमापकाचा काटा पार टोकाला जाऊन टेकला आणि काच तडकली. भोकातून आत पाहिलं तर जाळी लालभडक. तो रंग पाहून आठही म्हातारे असे खुश झाले की कोंबडीची आठवण एकालाही राहिली नाही. दहा मिनिटांनी झाकण काढलं, तेव्हा जाळीवर दोन कोळसे होते आणि ते चांगले पेटलेले होते. पुंडलिकभाऊ यांना म्हणाले, "चंपत, हीट तं झकास आली, पण माल कुठं गेला बे?" सगळे हसले. हेही हसले. सोबती वरणभात जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्टूल पुन्हा स्वयंपाकघरात. पण या खेपेला हे काही बोललेच नाहीत. ज्योत पिवळी होती, बोलले नाहीत. मी मुद्दाम कुकरला नऊ शिट्ट्या होऊ दिल्या, तरी नुसते भिंतीकडे पाहत बसले. मला भीती वाटली, भाऊजी. तीन महिने ज्या बोलण्याला मी वैतागले होते, त्याची मी तीन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बोलले ते असं.

"मले आता काहीच जमत नाही वाटते, शालू."

माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. जिभेवर निदान सात उत्तरं तयार होती. एकही बाहेर काढलं नाही. (या गोष्टीला साक्षीदार नाही, त्यामुळे तुम्हाला विश्वास ठेवावा लागेल.) उठले, खोक्यातलं ग्रिलचं माहितीपुस्तक काढलं, जे छत्तीस वर्षांच्या अनुभवामुळे कोणी उघडलं नव्हतं, आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं. त्यात साफ लिहिलं होतं की कोळसा फुलला की दोन्ही भोकं जवळजवळ बंद करा, झाकण लावा आणि उघडून पाहू नका. हे म्हणाले, बंद केल्यावर भट्टी मरंल ना. मी म्हटलं, मरू द्या, कोंबड्या तर गेल्याच आहेत.

जाड्या कणकेचे आठ रोडगे वळले. तुमच्या आईंनी शिकवले होते तसे, आत कणकेचे पदर पाडून. हेल्मेट मी खालीच ठेवायला लावलं. यांनी कोळसे एका बाजूला सारले, रोडगे दुसऱ्या बाजूला मांडले, झाकण लावलं, भोकं बोटभर उघडी ठेवून बाकी बंद केली. मग तुमचे दादा काही न करता बसले. भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा. हात तीनदा झाकणाकडे गेला, तिन्ही वेळा मी नुसतं पाहिलं. तासाभराने झाकण काढलं तर रोडगे तांबूस, वरून तडकलेले, आणि आईंच्या गोवरीवरच्या रोडग्यांचा नव्हे, पण त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या हातचा वाटावा असा वास. यांनी एक फोडला आणि त्यात तूप सोडलं.

"छत्तीस वर्षं हवाच देत आलो," म्हणाले. "याले द्यायचीच नाही, असं हाय तं."

तेव्हापासून स्टूल छतावर आहे. गेल्या रविवारी तेच सात सोबती पुन्हा आले आणि रोडगे संपवून गेले. पुंडलिकभाऊंनी चौथा मागितला.

आता तुमच्या यादीचं. सत्तावीसमधल्या कामाच्या वस्तू मला चारच दिसतात. हलका, लांब दांड्याचा चिमटा, जो मी इथल्या तंदूरवाल्यांच्या दुकानातून आणला. कोळसे पेटवायचं पत्र्याचं नळकांडं, कारण यांच्या रॉकेलने वांग्याला रॉकेलचा वास येतो आणि हे त्याला धुराचा स्वाद म्हणतात. पावसासाठी जाड कव्हर. आणि तापमापक. बाकी दिवा लावलेला चिमटा, अकरा खिशांचा एप्रन आणि मांसावर आपलं नाव उमटवायचा छाप यातलं काही पाठवू नका. घरात खाणारी माणसं दोन. नाव कोणी कोणाचं वाचायचं?

उरलेलं तुमच्या भल्या स्वभावावर सोडते. संघमित्राला जपा.

तुमची,
शालूवहिनी

ता. क. तापमापकाची काच फुटल्याचं मी तुम्हाला सांगितलेलं नाही. नवा पाठवताना "हा जास्त चांगला निघाला आहे" एवढंच लिहा.

ता. क. दुसरा. रसमड्याच्या चिमट्याने फाटक अडवून ठेवते. वाऱ्याने हलत नाही. कमिटीला कळवू नका.

ता. क. तिसरा, आणि हा मोठ्याने वाचायचा नाही. स्वयंपाकघर परत मिळालं, असं वर लिहिलं आहे, ते खरंच आहे. पण हे सकाळी सहाला छतावर जातात ते जेवायला उतरतात. काल दूध उतू गेलं आणि घरात कोणी एक शब्द बोललं नाही. तुमच्या यादीत एक लांब सळई आहे, कोंबडी ओवून ग्रिलवर गोल फिरवायची. चित्रावरून असं दिसतं की एकाने भोकं सांभाळायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून फिरवत राहायचं. तेवढी पाठवा. तिच्यासोबत मोटर येते म्हणे. मोटर तुमच्याकडेच राहू द्या.