दहापर्यंत मोजल्यावर

१ डिसेंबर, सोमवार
कर्जतला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन सोळा तारखेला. नववीतल्या दिशाने विषय आणला: दहापर्यंत आकडे मोजले की राग कमी होतो का? आधी, राग आल्यावर आणि मोजून झाल्यावर, अशी तीनदा नाडी बघायची. प्रयोगाला माणूस हवा. मीच बसणार. मिरजगावच्या या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, माझ्याइतका शांत मास्तर तालुक्यात नाही. निष्कर्ष आत्ताच तयार: राग कमी होतो.

३ डिसेंबर, बुधवार, दु. २
पहिली चाचणी. गणिताच्या अजिनाथ सरांनी फळ्यावरची माझी हृदयाची आकृती पुसली. नाडी आधी ८०, राग आल्यावर १०४. दहापर्यंत मोजलं. १२२. मग डस्टर हातातून निसटलं आणि अजिनाथ सरांच्या कानशिलाला लागलं. निसटलेलं डस्टर डेटात धरू नकोस, असं दिशाला सांगितलं. तिने तरीही लिहून घेतलं.

६ डिसेंबर, शनिवार
चौथी चाचणी. शाळेसमोर हायवेला टेम्पोवाल्याने माझी गाडी घासली. नीट दहा मोजले. मग हेल्मेटने त्याचा आरसा फोडला. दुसरा फोडताना त्याने कॉलर धरली, शर्टाची तीन बटणं गेली. दिशा कडेला घड्याळ घेऊन उभी. नाडी १३१. ऊन होतं. उन्हाने वाढते.

९ डिसेंबर, मंगळवार
निष्कर्ष कसा लिहावा यावर उत्तम तास झाला. प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं. पुरावा आकड्यांत. कुठे चूक राहिली असेल, तेही. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसावं असं वाटत होतं ते नाही. पोरं भारावली. ओम जांभई देत होता, त्याला एकच ठेवून दिली.

११ डिसेंबर, गुरुवार
दिशाचा निष्कर्ष: 'सहाही चाचण्यांत मोजल्यावर राग कमी झाला नाही, वाढला. मोजता मोजता मारायची तयारी झाली.' दुसरं वाक्य शास्त्रीय नाही, खोड, असं शांतपणे समजावलं. म्हणाली, "सर, दिसलं तेच लिहिलंय." मी मोजलं. वही फेकली नाही, सुटली. पुठ्ठ्याचा कोपरा तिच्या भुवईला लागला. रक्त थोडंच. बरं, दोन टाके.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दिशाची आजी कडूबाई शाळेत आली. आईबाप ऊसतोडीला गेलेत, पोर तिच्याजवळच असते. आरडाओरडा केला नाही. हेडमास्तरांसमोर मला एवढंच विचारलं, "पोरीनं खरं लिवलं म्हनून मारलं व्हय?" मी उत्तर देणारच होतो, हेडमास्तरांनी बाहेर काढलं. दिशाचे मार्गदर्शक आता अजिनाथ सर. निव्वळ राजकारण.

१६ डिसेंबर, मंगळवार. कर्जत
रजा टाकून गेलो, पोरीला धीर द्यायला. परीक्षक बाईंनी विचारलं, प्रयोग किती जणांवर केला? दिशा म्हणाली, एकाच माणसावर, म्हणून सगळ्यांचं असंच होतं असं म्हणता येणार नाही. माझं नाव घेतलं नाही. भुवईवर पट्टी होती. लोक त्या माणसाला हसले. पुढे होऊन सांगावंच लागलं की तो माणूस मी आणि मी शांत आहे. कुणी ऐकेना. मोठ्याने दहा मोजले. मग टेबल उलटलं. तक्ता फाटला. अजिनाथ सरांच्या नाकावर माझी मूठ पडली, त्यांचा शर्ट लाल झाला. त्यांनी काहीच मोजलं नाही, सरळ मारली. माझा पुढचा दात कर्जतलाच राहिला. परीक्षक बाई शेवटपर्यंत लिहीत होत्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार
निलंबनाचं पत्र आलं. दिशाचा पहिला नंबर, आता जिल्ह्याला जाणार. तिचा निष्कर्ष मोबाईलवर फिरतोय. बायकोला, मोनिकाला, मोठ्याने वाचून दाखवला. तुला काय वाटतं, विचारलं. तिने चहाचा कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवला, माझा हात पोचणार नाही इतका लांब. म्हणाली, "बरोबर लिहिलंय पोरीनं." आणि दारातच उभी राहिली. पायात चपला. आमच्यात घरात चपला कुणी घालत नाही.