व्याह्यांच्या उपासात आमचा ईस्टर

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा सलाम.

गुडघेदुखी कशी आहे ते आधी कळव. इकडे सगळे धडधाकट आहेत. फक्त तुझी भाची ईस्टरपासून माझ्याशी बोलत नाही आणि तिचं लग्न अधांतरी लटकलंय.

झालं असं, की लग्नाची तारीख पक्की करायला म्हणून मी मुलाच्या आईवडिलांना ईस्टरच्या जेवणाला बोलावलं. त्यांचं चर्च पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स रीतीचं, हे मला ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी त्यांचा आणि आपला ईस्टर एकाच दिवशी आला, तेव्हा दरवर्षी तसाच येतो असं मी धरून चाललो. (जन्मभर मटण कापणाऱ्याला दुसऱ्यांच्या सणांचा हिशोब कोण शिकवणार?) यंदा त्यांच्या जुन्या पंचांगाने त्यांचा पाच आठवडे पुढे. म्हणजे आपला ईस्टरआधीचा उपास सुटला, तेव्हा त्यांचा ऐन भरात होता. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणीसुद्धा नाही. आणि मी टेबलाच्या मधोमध दुकानातली सगळ्यात चांगली, कोकराची अख्खी मांडी भाजून ठेवलेली. व्याही अंगाने आडदांड, बोलायला कंजूष. त्यांनी मांडीकडे बघितलं, रंगवलेल्या अंड्यांकडे बघितलं आणि काकडी घेतली. विहीणबाईंनीही काकडीच घेतली. (आमंत्रण मोडायचं कसं, या भिडेपोटी आले होते बिचारे.) बायको टेबलाखालून माझा पाय तुडवत होती, पोरीचे डोळे भरले होते. घाबरलो की मी काय वाट्टेल ते बोलतो, हे तू जाणतेसच. तू पाठवलेला केक पुढे सरकवला आणि म्हणालो, "हा घ्या, आमच्या ताईचा. यात अंडं-लोणी काही नाही."

ताई, त्यात किती अंडी होती ते तुलाच माहीत. पोर पांढरीफटक पडली. व्याह्यांनी एक तुकडा खाल्ला, माझ्याकडे रोखून बघितलं, मग आणखी एक घेतला. निघताना तारखेचं विचारलं, तर म्हणाले, नंतर कळवतो. त्या 'नंतर'ने माझी झोप उडवली आहे. काल गिऱ्हाइकाने कलेजी मागितली आणि मी नुसती हाडं बांधून दिली.

तुझा,
धांदरट भाऊ

ता. क. – खरं काम असं, की रविवारी मी त्यांच्याकडे जातोय. हुबेहूब तसाच लागणारा, पण खरोखर बिनअंड्याचा केक करून पाठव. म्हणजे पहिलाही असाच होता, असं मला छातीठोकपणे सांगता येईल.

आणखी ता. क. – केक करू नकोस. पोरीने मागे उभं राहून हे सगळं वाचलं आणि एकदाचं तोंड उघडलं. म्हणाली, आज सकाळीच ती स्वतः जाऊन व्याह्यांना खरं सांगून आली. ते तिला म्हणाले, "पहिल्या घासालाच कळलं होतं गं. पण तुझा बाप इतका घाबरला होता, की तुकडा खाली ठेवायला माझं मन होईना." लग्न त्यांच्या ईस्टरनंतर लगेचच करायचं ठरलंय. हे ऐकून मी रडलो, तुझ्यापासून कशाला लपवू? दुसरा तुकडा का घेतला, ते मात्र व्याह्यांनी सांगितलं नाही.