भर नाटकात आहेर

४ जाने., रवि.
रात्रपाळी सुटली, कुरुळीहून तसाच चिंचवडला. नाट्यगृह. खालच्या हॉलमधी पोरींचा नाचाचा क्लास, दारात कुणाच्या तरी सत्काराचे हार, वर आमची तालीम. कँटीनचे वडे अन् मेकअप रूमची पावडर, दोन्हीचा मिळून एक वास येतो. लई आवडतो मला.
संध्याताईंनी (नाटक त्याच बसवतात) पोराचा रोल मलाच दिला. "स्पर्धेत नीट केलंस तर पुढचे प्रयोगही तुझेच." वाचायला मला वेळ लागतो म्हणून डायलॉग आवाजात भरून मोबाईलवर पाठवतात. बसमधी ऐकत येतो.

७ जाने., बुध.
बाप मेलाय. बाप म्हणजे गौतम, माझा रूममेट, केसाला पांढरं फासून. मी शेजारी बसायचं, बराच वेळ काहीच बोलायचं नाही, मग रडायचं. ताई म्हणतात, गप्प बसणं हाच तुझा डायलॉग.
अवघड राव. आमच्या गावच्या जत्रेत नट रडायला लागला की लोक आहेर घेऊन स्टेजवर चढतात. नट उठतो, नाव पुकारतो, हात जोडतो, परत रडायला बसतो. आपलं सगळं शिक्षण तिथलं. शाळेतलं कमीच.

१७ जाने., शनि.
उद्या स्पर्धा. मामा गावाहून यायलेत. एवढं मोठं थेटर त्यांनी पाहिलेलं नाही. पहिल्या रांगेत बसवतो.

१८ जाने., रवि.
काय लिहू.
तिसरी घंटा, पडदा, सगळं झकास. बापाजवळ बसलो. हॉल चिडीचूप. आन् बाजूच्या पायऱ्यांवरून मामा वर. हातात टोपी, टॉवेल, नारळ. माझ्या डोक्यावर टोपी ठेवली.
मी उठलो. पाया पडलो. लोकांकडं तोंड करून म्हणलो, "भगवानमामांकडून टोपी-टॉवेलचा आहेर, मंडळ आभारी आहे." तोंडातून आपोआप गेलं. हॉल हसून फुटला. मेलेल्या बापाचं पोट हलायलं.
मामा खाली गेले. मी परत बसलो आन् रडलो. टोपी तशीच डोक्यावर. हळूहळू सगळे गप्प झाले. एवढे गप्प तालमीत कधी झाले नव्हते. की मला तसं वाटलं?
आत आल्यावर ताई: "का उठलास?"
"मामा वर आलते, ताई. बसून कसं राहू?"

गौतम: "भावा, बाप मेलाय आन् तू सत्कार घेतोस व्हय!"
मामा खूश. "बोलला चांगलं. आवाज मागपर्यंत गेला." त्यांना काय सांगणार. एसटीत बसवून दिलं.

२१ जाने., बुध.
नंबर नाही आला. एक परीक्षक डोळे पुसत होते म्हणे. हसून का रडून, कुणी सांगंना. फेब्रुवारीत प्रयोग आहे. त्यात मी आहे का, विचारलं. ताई: "रविवारी बघू." गौतमलाही माझा रोल पाठ करायला सांगितलाय. तो रूमवर तोंड चुकवतो. म्हणलं येड्या, कर की. चहा पाजला त्याला.

२५ जाने., रवि.
पायरीवर बसून लिहितोय. आत गौतमचं चालू आहे. चांगलं करतोय. एकदम गप्प, ताईंना पाहिजे तसं.
आता ताई दारात आल्या. "ये. मामा वर आलेत असं समजून कर."
उठू का बसू, ते नाही सांगितलं. जातो.