पांघरुणांचा पक्ष

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (तू असलं काही मानत नाहीस, तरी पाठवते आहे, ठेवून घे). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण मी तसं म्हटलं की तू लहानपणापासून आधी काय फुटलंय ते बघतोस.

तर फुटलं ते असं. आमची प्रार्थनेची मंडळी दर शनिवारी सार्वजनिक धुलाईघरात जमते आणि बस स्टँडवर झोपणाऱ्यांची पांघरुणं धुते, हे तुला माहीत आहे. देवाचं काम म्हणून धुतो. (तुझ्या मते देव नाही. पण पांघरुणं आहेत, आणि ती मळतात.) आमचे नियम दोनच: आधी डोळे मिटून प्रार्थना, आणि मग ढिगात जे असेल ते, कोणाचं म्हणून न विचारता, धुवायचं. प्रार्थना टेलरमामा सांगतात आणि त्यांना आटोपतं घेणं ठाऊक नाही. जगातल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं घेऊन झाली की ते प्रवाशांकडे वळतात. नगरपालिकेने धुलाईघर पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायचं ठरवलं, तेव्हा आम्ही 'पाडू नका' असा साधा अर्ज दिला. झालं! सत्तेवरचे म्हणाले, ही तांबड्या झेंडेवाल्यांची माणसं. तुमचे तांबडे म्हणाले, हे प्रार्थनेच्या आडून सत्तेचं काम करणारे हस्तक. आम्ही साबण आणायला गेलो तरी दुकानदार विचारायचा, नक्की कोणाकडून?

गेल्या शनिवारी टेलरमामा प्रवाशांपर्यंत पोचले असताना कोणीतरी ढिगात तांबडा झेंडा सरकवला. आम्ही डोळे उघडले, आणि नियम तो नियम, झेंडाही धुतला. कढत पाण्यात. दुपारी दोरीवर झाडून सगळी पांघरुणं तांबडी! पेपरवाला फोटो काढून गेला. सत्तेवरचे म्हणाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो? आणि तांबडे भांडायला आले, की आमच्या झेंड्याचा रंग मुद्दाम उतरवलात. एकाच धुण्यात दोघांनाही दुखवणारे आम्हीच असू.

हसलास ना? मीही हसत होते. मग संध्याकाळी पांघरुणं वाटायला गेलो. स्टँडवर झोपणाऱ्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने आपलं पांघरूण हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे घेतलं तर मला कोणाच्या सभेला जावं लागेल?" त्याने घडी करून परत दिलं. त्या रात्री थंडी होती.

बाहेरच्यांनी चिकटवलेली नावं मी पदराने पुसते, दादा. पण गेल्या खेपेला जेवताना तूही मला 'हस्तक' म्हणालास आणि ताट सरकवून उठलास, ते पुसता येत नाही. तुझ्या युनियनच्या संपात गेटवर डबा घेऊन यायचे, तेव्हाही मी प्रार्थना करूनच निघायचे. तेव्हा मी कोणाची होते?

असो. वहिनीला सांग, गरम पाण्याच्या गुळण्या कर.

तुझी,
धाकटी

ता. क. : येत्या शनिवारी नगरपालिकेची समिती पाहणीला येते आहे. पुन्हा झेंडा सापडला तर 'राजकीय अड्डा' म्हणून धुलाईघर गेलंच. प्रार्थनेच्या वेळी कोणीतरी डोळे उघडे ठेवून ढिगाजवळ उभं राहायला हवं. नर्सबाईंना नेमून पाहिलं, पण टेलरमामांच्या पहिल्याच शब्दाला त्यांचे डोळे सवयीने मिटले. आम्ही सगळे तसलेच. प्रार्थनेत डोळे टक्क उघडे ठेवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. लहानपणीही तू उघडेच ठेवायचास (मला कसं ठाऊक, ते विचारू नकोस).

ता. क. दुसरा : रागाच्या भरात तू खुंटीवर विसरलेला पांढरा सदरा मी झेंड्याच्या त्या शनिवारीच धुवायला नेला होता. आता गुलाबी आहे. उकळून पाहिला, हटत नाही. तोच घालून ढिगाजवळ उभा राहा. कोणी विचारलंच, हा रंग कोणत्या पक्षाचा, तर सांग, धाकटीचा.