भांड्यांच्या दुकानातली मलमपट्टी

मंचर, सोमवार

चि. कल्पेश यास उत्तमचंदचा जय जिनेंद्र.

तू, तुझी मंडळी आणि तुझी ती हलणारी दाढ, तिघंही आपापल्या जागी सुखरूप असतील असं धरून चालतो. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे घरात कोणाला जखम नाही. (पूर्वी 'बरे' म्हटलं की पुरत असे.) फोनवर तू 'जिजाजी, मीटिंग आहे' म्हणून मला अर्ध्यात तोडतोस, म्हणून हे कागदावर.

तुझी भाची सिद्धी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची सुट्टी घेऊन आली, ती जखमेची निगा हा धडा बरोबर घेऊनच. परत गेल्यावर त्याची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. आता धडधाकट माणसांच्या घरात जखम आणायची कुठून? तिने माझ्या कोपरावर लाल शाईने एक काढली. ती धुतली, पुसली, झाकली, आणि तेवढा वेळ मी चहाच्या कपाला हात लावायचा नाही. हात धुवायला एकेक मिनिट. टाकीतलं पाणी संपलं की ओरडा माझ्यावर. माझ्या आईने (वय ब्याऐंशी, कान तीक्ष्ण) विचारलं, "जंतू मारायचे म्हणजे हिंसाच ना ग ती?" सिद्धी म्हणाली, "आजी, मी मारत नाही, धुऊन बाहेर काढते." आईने थोडा विचार करून परवानगी दिली. माझी परवानगी कोणी मागितलीच नाही.

मागच्या पंधरवड्यात, ऐन लग्नसराईत, दुकानात अवसरी बुद्रुकचे गेणभाऊ आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, नातीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती. डाव्या पायाला धोतराची चिंधी. सिद्धी डबा द्यायला आली होती, ती दारातच थबकली आणि नाक वर करून वास घेत म्हणाली, "काका, पायाला काय झालंय?"

"लई काय नाय ग पोरी. उसाचा बुडखा लागला, बारा दिस झालं. हाळद भरली, मंग तंबाकू भरली. दुखत बी न्हाई."

"साखर आहे का तुम्हाला?"

"हाय की, पर गोळी खातो. आठवली तर."

कल्पेश, 'दुखत नाही' ऐकून मला बरं वाटलं, तर पोरीचा चेहराच उतरला. (दुखत नाही हेच वाईट, असं तिने मला नंतर, मी मूर्ख असल्यासारखं समजावलं.) गेणभाऊंना तिने उलट्या घातलेल्या हंड्यावर बसवलं. माझी विक्रीची नवी कोरी परात पायाखाली. आई प्यायचं पाणी रोज उकळूनच घेते; ती सगळी कळशी दुकानात आली, मागोमाग आई आली. घरातली प्रथमोपचाराची पेटी उघडली. एक बोळा एकदाच, जखमेपासून बाहेरच्या बाजूला, पुन्हा तोच आत न्यायचा नाही. जखमेवर वाकून बोलायचं नाही, म्हणून मला दोनदा गप्प केलं. कुकर बघायला आलेल्या दोन बायका कुकर तसाच सोडून गेल्या.

तंबाखू निघाली तसं खालचं बोट दिसलं. कडेने काळपट. सिद्धीचा हात थांबला. स्वच्छ गॉज वर ठेवून ती उठली आणि म्हणाली, "पप्पा, यापुढचं माझं काम नाही. स्कूटर काढा."

गेणभाऊ अडून बसले. "लगीन होऊन जाऊ दे, मंग बघू."

तेव्हा ही पोर, जी पालीला बघून पलंगावर चढते, ती त्यांच्यासमोर खाली बसली. "काका, लग्नात नातीला निरोप द्यायला दोन्ही पायांवर उभं राहायचंय ना?" गेणभाऊ माझा खांदा धरून उठले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं. बोट वाचलं. दवाखान्याने एक दिवसाआड पट्टी बदलायला बोलावलं, ते जातात. पण घरी जाताना ती बरोबर बांधली आहे का हे विचारायला दुकानात येतात. येताना कळंबचा हात भाजलेला पाहुणा आणतात, पारगावची काच लागलेली सून आणतात. सिद्धी सगळ्यांना दवाखान्यात पिटाळते. पण ते आधी बसतात माझ्याच हंड्यांवर! काल लग्नाला गेलो, तर गेणभाऊ मंडपात पट्टी सोडून वरपक्षाला बोट दाखवत होते. सिद्धीने त्यांना विहिणीसमोर असं झापलं की सनई थांबली. मला कुठे बघावं कळेना. खरं सांगू, मी पोरीकडेच बघत होतो.

तुझा त्रासलेला,
उत्तमचंद

ता. क. पुण्याहून येताना निर्जंतुक गॉजची मोठी खोकी आण. घरातली पेटी संपली. कुकरच्या शेजारचा कप्पा मी रिकामा केला आहे.

ता. क. दुसरा. सिद्धीसाठी चिंचवडचं जे स्थळ तू सुचवलंस, त्यांचा परवा फोन आला होता. मुलगा चांगला असेल. पण त्याची आई म्हणाली, "लग्नानंतर मुलीने लोकांचा पू पुसलेला आमच्यात चालणार नाही." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पत्र टाकण्याआधी माझ्या आईला वाचून दाखवायचं आहे. तुला त्यांचा फोन येईल. माझ्यासाठी एवढंच कर, माझ्या वतीने माफी मागू नकोस.