नव्या पाण्याची सवय

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! बॅग उचलायला काका स्वतः फाटकापर्यंत आले आणि काकूंनी अशा थाटात खोली दाखवली, की जणू मी नोकरीला नाही, माहेरपणाला आलेय. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकी भिंतभर. काका गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. घरात दोघंच; नातं काही नाही, काका-काकू म्हण असं त्यांनीच सांगितलं. आणि खाली दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत, एक आजारी मासा.

त्याला बरं करायचं, हेच माझं काम. महिनाभराची नोकरी, राहणं-जेवण इथेच. रंगीत माशांच्या दुकानात सहा वर्षं काढली, शेवटी मालकाशी भांडून बाहेर पडले. एका टाकीत चाळीस मासे कोंबायचे म्हणे! मग दोन महिने ताईकडे पडून होते, तिच्याशीही वाजलं. ती म्हणाली, तुला माणसांपेक्षा मासे प्रिय. मी म्हटलं, मासे टोमणे मारत नाहीत. तेव्हापासून अबोला. काकूंनी खोदून विचारलं, तेव्हा हे सगळं सांगून बसले. असो, ताईचा विषय आज नको.

मासा तळहाताएवढा, नारिंगी. पर अंगाशी घट्ट मिटून तळाला कोपऱ्यात बसलेला. रोग असा काही नाही. नवी जागा, नवं पाणी, त्यानं हाय खाल्लीय. मी उपचार सांगितले: उजेड कमी करा, काचेला बाहेरून कागद लावा, पाण्याची ऊब रोज थोडी थोडी वाढवा, जरासं खडेमीठ, तीन दिवस उपास, आणि काही झालं तरी जागा बदलायची नाही. काका एका लांबट वहीत शब्दन् शब्द उतरवून घेत होते. इतकं ऐकणारं गिऱ्हाईक सहा वर्षांत एक मिळालं नव्हतं.

बुधवार, ६ तारीख

काडीचाही फरक नाही. पाणी दोनदा तपासलं, ऊब बरोबर, मीठ मोजून घातलंय. आणि हा ढिम्म. मी वाकून बघितलं की पाठ फिरवतो. मी काय तुझं घोडं मारलंय, असं तोंडावर विचारलं मी त्याला. काकूंनी ऐकलं बहुतेक.

काकांची वही टाकीशेजारीच असते. कालची नोंद: 'ती बिचकते. कोपरा सोडत नाही.' मी काकांना म्हटलं, मासा तो असतो, ती नव्हे. ते हसले. म्हणाले, डॉक्टरांचं अक्षर आणि व्याकरण, दोन्हींकडे बघायचं नसतं गं.

जेवून वर आले तर काकूंनी माझ्या खिडकीला खाकी कागद डकवलेला. दुपारचं ऊन टोचतं म्हणे. मला ऊन आवडतं. पण आल्या आल्या किती तोंड चालवायचं, म्हणून तसाच राहू दिला.

गुरुवार, ७ तारीख

आज डोकं फिरलंय. सकाळी खोलीतला दिवा काढून झिरोचा लावला, त्यात मला स्वतःचं अक्षर दिसेना. खोली कोंदट, गरम. हीटर चालू आहे आणि बटण बाहेर, जिन्यात. जगमधलं पाणी खारट लागलं. तक्रार केली तर काकू म्हणाल्या, होईल हो सवय.

जेवायला खाली गेले तर माझं ताटच मांडलेलं नाही! काकू म्हणाल्या, चेहरा उतरलाय, पोटाला जरा आराम दे. मी म्हटलं, उतरणारच, सकाळपासून पोटात कण नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी वहीत काहीतरी टिपलं. कसली विक्षिप्त माणसं गळ्यात पडली आहेत! फोनही जागेवर नाही. काकू म्हणतात, मी उचलून ठेवलाय, आवाजानं दचकायला होतं. कोण दचकतं, ते नाही सांगितलं.

शुक्रवार, ८ तारीख

मासा खायला लागला! पर उघडून वर आला आणि बोटाजवळचा दाणा टिपला. मला रडू फुटलं, भुकेनं असेल. लगेच नोंद करायला काकांची वही उघडली. आजची नोंद आधीच झालेली:

'ती सकाळपासून तीनदा दाराशी गेली. मीठ वाढवणे. उपासाचा दुसरा दिवस.'

माशाला कुठलं आलंय दार?

मागची पानं उलटली. मी सांगितलेले उपचार सोडले तर माशाबद्दल एक ओळ नाही. 'ती' खिडकीशी उभी असते. 'ती' माशाशी एकटीच बोलते. पहिल्या दिवसापासून ती म्हणजे मी.

शनिवार, ९ तारीख

निघते म्हणाले, आत्ता, या क्षणी. दाराला कुलूप. काका रागावलेसुद्धा नाहीत, त्याचाच जास्त संताप येतो. समजुतीनं म्हणाले, जागा बदलली की ताण वाढतो, तूच सांगितलंस ना? हाताला धरून वर आणलं. म्हातारा, पण पकड गुरं आवरणाऱ्याची.

बाहेरून कडी. ओरडून ओरडून घसा बसला. जग पुन्हा भरून ठेवलाय. पीत नाही. नंतर प्यायले.

रविवार, १० तारीख

काका सकाळी वही घेऊन तपासायला आले. मी डोकं चालवलं. म्हटलं, एकटं ठेवलं की पुन्हा हाय खातात, सोबत हवी. मला दुकानात न्या, मी जोडीदार निवडून देते. बाहेर एकदा पाऊल पडू दे, मग बघते यांच्याकडे.

काकांचा चेहरा उजळला. माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही, म्हणाले. लिहून घेतलं. जाता जाता विचारलं, ओळखीची सोबत असली तर जास्त बरं ना?

मी हो म्हटलं. घाईत होते. मासाच डोळ्यांपुढे होता माझ्या.

दुकानात कधी न्यायचं, ते बोललेच नाहीत —

सोमवार, ११ तारीख

खाली माझा फोन वाजला, ताईसाठी लावलेली धून. काकूंचा आवाज, मधात घोळलेला. की तिला तुझी फार आठवण येते गं, बोलून दाखवत नाही इतकंच. की येऊन जा एकदा, मिटवून टाका बहिणी-बहिणी.

दुपारभर समोरच्या खोलीत कागद फाडल्याचा, डकवल्याचा आवाज.

मूर्ख. मूर्ख मी. माझ्या तोंडानं —

मंगळवार, १२ तारीख

फाटक वाजलं. ताई.

हाका मारतेय, आवाज फुटत नाही, नुसती हवा. दारावर मारलं. काकू तिला सांगताहेत, रुसून बसलीय वर. ताई हसली. म्हणाली, आमचं शेंडेफळ पहिल्यापासून असंच, दार आपटणारं.

जिन्यावर पावलं. तिची, मागून काकांची. हे पान फाडून दाराखालून सरकवते —

ताई, मी रुसले नाहीये गं. आल्या पावली परत जा. मला सोडवायलासुद्धा थांबू नको. आधी तू —