राहीचे सोललेले हात

वरची वाडी, उमरठ
एप्रिल १९९९

तीर्थरूप पांडूदादास,

धाकट्या राहीचा नमस्कार. पाया पडते असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. समोर असतास तर काय केलं असतं ते वहिनी वाचणार म्हणून लिहीत नाही. तिचे गुडघे कसे आहेत? तू खुशाल असणारच. हात तर फारच खुशाल असतील.

शिमग्याला तू मुंबईहून कंपनीतला पांढऱ्या पावडरीचा डबा आणलास. हाताला लागत नाय ना, म्हणून मी विचारलं, तर म्हणालास, "नाय गो, साबणाची भैण हाय ती!" (हातमोजे घालायचे, हे तुला एसटी सुटल्यावर आठवलं. खिडकीतून ओरडलास त्यातलं मला फक्त "मोजे" ऐकू आलं. एवढ्या उन्हात मोजे कशाला, म्हणून मी हसले.) पालखी घरी यायची म्हणून मी हंडे, कळशा, पराती सगळं उघड्या हातांनी घासलं. भांडी लखलखली. दुसऱ्या दिवशी तळवे लाल, तिसऱ्या दिवशी कातडी उन्हाळ्यातल्या खाचरासारखी तडकलेली. पाणी लागलं की आग, वारा लागला तरी आग. भाकरी थापता येईना, म्हैस पिळता येईना.

आमची चांदी माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही, हे तुला ठाऊक आहे (तुझा दात तिनेच पाडलाय). दोन दिवस तिनं दूध चोरलं. कास दगडासारखी झाली, मुकं जनावर रात्रंदिवस हंबरत होतं, आणि मी हात वर धरून रडत होते. शेवटी तुझे भावोजी माझं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन तिच्याजवळ बसले. साठीला आलेला माणूस, मिशांसकट! चांदीनं हुंगलं आणि पान्हा सोडला. सगळी वाडी गोठ्याच्या दारात. शेजारची ठकूबाई तर रोज यायला लागली.

महाडला कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, कातडीचा वरचा थर म्हणजे दगडांची भिंत, आणि दगडांमध्ये चरबीचा चुना. पावडरीनं चुनाच धुऊन नेला. आता आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि बाहेरचं तिखट आत शिरतं. पण भिंत स्वतःच स्वतःला बांधते. काही तासांतच नवी चरबी वर यायला लागते, पुरी व्हायला मात्र तीन-चार आठवडे. साबण नको, गरम पाणी नको, साधं मलम पातळ लावा आणि स्वस्थ बसा. मला संतापच आला. एवढी हाडं खिळखिळी करून महाड गाठायचं, आणि औषध काय, तर काही करू नका!

म्हणून आम्हीच काहीतरी केलं. ह्यांनी माझ्या दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या आवळून बांधल्या. आठवड्यानं हात भिजलेल्या पोह्यांसारखे. बाई कडाडल्या, "अहो, पाणी झिरपतंय हे कळलं तरच कातडी कामाला लागते. तुम्ही कोंडून ठेवलंत, तिला वाटलं सगळं ठीक आहे. थांबवलं तिनं काम!" दादा, माझ्या कातडीला जेवढी अक्कल आहे तेवढी तुला असती तर!

मग गप्प बसले. चोविसाव्या दिवशी तांदूळ धुताना लक्षात आलं, आग होत नाही. तिथेच बसून रडले. (धूर गेला डोळ्यांत, असं ह्यांना सांगितलं.)

कातडी भरली; राग काही एवढ्यात भरायचा नाही. वहिनीला नमस्कार. तुला वर लिहिला तेवढा पुरे.

तुझी बहीण (इलाज नाही),
राही

ता. क. हात बरे झाल्यावर चांदीकडे गेले. मला लाथ मारली. तिला आता हेच लागतात. हे मिशांना पीळ देऊन म्हणतात, "जनावराला मानूस कलतो."

आणखी ता. क. पत्र खरं ह्यासाठी. शनिवारी ये आणि काहीतरी निमित्त काढून ह्यांना पंधरा दिवस मुंबईला ने, म्हणजे चांदी माझ्याकडे वळेल. हे पहाटे चारला उठतात आणि सगळ्या घराला उठवतात, एवढं वहिनीच्या कानावर घाल. परत आणायची घाई नको.